मोराचं तिसरं बोट

मास्तर सिनेमा डोळे मिटून बघायचे. रविवारी सकाळच्या इंग्रजी खेळाला पंख्याखालची खुर्ची पकडून बसले, की सुरुवातीची नावं सरकेपर्यंत डोळे उघडे. नावं संपली की मिटले. आजूबाजूच्यांना वाटायचं, रात्रपाळी करून आलेला कामगार झोप काढतोय. मला शेजारी बसून ठाऊक असायचं की झोपबीप काही नाही. त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर सारखी वरखाली व्हायची आणि मधेच त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसायचं. “आलं, सर! हेच ते!” नेमकं तेव्हाच पडद्यावर घोडे दरीवरून उड्या मारत असायचे, नाहीतर नायिका मनापासून रडत असायची. ते सोडून मी पुटपुटायचो, “काय आलं?” “तेच की. जहाज बुडताना वाजलं होतं ते.” जहाज बुडालेलं असायचं सहा महिन्यांपूर्वी, भलत्याच सिनेमात. मी वैतागायचो, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी आम्हा दोघांना गप्प बसायला सांगायचं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो आणि साखर पेठेत एक खोली घेऊन राहत होतो. मास्तर पलीकडच्या दाराला. मी शाळेतला सर, ते कारखान्यातले मास्तर. चादरींवर जी फुलं, वेली, मोर, हत्ती असतात, ती काढणारे ते डिझाईन मास्तर. मूळचे जवळच्याच मंद्रूप गावचे. घरात कन्नड, बाहेर सोलापुरी मराठी, आणि इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तरी हिंदी सिनेमाला ढुंकून बघायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “इंग्रजीतलं बोलणं कळत न्हाय त्येच बरं हाय, सर. मधी येत न्हाय.” बोलणं मधे येतं असं मानणाऱ्या माणसाशी मैत्री करणं मला, भाषेच्या मास्तराला, किती जड गेलं असेल बघा.

त्यांचं काम एकदा बघितलं की ही खोड कुठून आली ते कळायचं. आधी चौकटीच्या कागदावर मोर काढायचा. एक चौकट म्हणजे एक धागा. मग कागदाची एकेक ओळ घेऊन पुठ्ठ्याच्या लांब पट्टीवर तेवढी भोकं पाडायची. अशा शेकडो पट्ट्या सुतळीने एकामागून एक ओवून मागाच्या डोक्यावर चढवायच्या. पट्टी फिरेल तसा मागाचा धागा उचलला जातो आणि खाली चादरीच्या पोटावर, म्हणजे मधल्या भागावर, मोर उतरतो. पट्ट्यांची माळ संपली की पहिल्यापासून पुन्हा सुरू, पुन्हा तोच मोर. ह्याला ते लोक ‘रिपीट’ म्हणतात. मास्तरांचं सगळं आयुष्य ह्या रिपीटमध्ये गेलेलं. बाहेरच्या जगातही ते तेच शोधायचे. आमच्या हेडमास्तरांचं पंधरा ऑगस्टचं भाषण कुंपणापलीकडून ऐकून म्हणाले, “मागल्या सालचा काठ आनि औंदाचं पोट जोडलंय.” मी मागच्या वर्षीच्या भाषणाचा कागद काढून ताडून पाहिलं. खरं होतं.

सिनेमातही त्यांनी हेच पकडलं होतं. वाळवंटातल्या लढाईला वाजलेला तुकडा पुढे भुताच्या सिनेमात दार उघडताना यायचा. दोन प्रेमिकांच्या ताटातुटीचं वादन कुत्रा हरवल्यावर यायचं. “जुने पुठ्ठे हायत, सर. हितं कापून तितं जोडलेत,” असं ते इतक्या खात्रीने सांगायचे की मला राग यायचा. हॉलिवूडसारख्या ठिकाणी, जिथे म्हणे पैशाला तोटा नाही, तिथले लोक साखर पेठेतल्या कारखान्यासारखं शिळंपाकं कशाला वापरतील? आणि हा माणूस, ज्याने जन्मात पेटीला हात लावला नाही, तो मला सांगणार? सिद्ध करायची तर काही सोयच नव्हती. सिनेमा एका रविवारी यायचा आणि जायचा. पुन्हा ऐकायचा कुठे?

माझं काम नावं वाचायचं. “संगीत कुणाचं लिवलंय, सर?” मी वाचून सांगायचो. ती नावं त्यांनी एका वहीत लिहून ठेवली होती. इथंच खरा घोळ व्हायचा. मास्तर म्हणायचे दोन्ही सिनेमांतलं वादन एकाच माणसाचं, आणि पडद्यावरच्या पाटीवर नावं दोन निराळी. कधी तर करणाऱ्याचं नावच नाही, नुसतं कंपनीच्या संगीतखात्याच्या प्रमुखाचं. मी विजयी मुद्रेने म्हणायचो, “बघा, दुसराच माणूस निघाला.” त्यावर मास्तर चिडायचे, पण माझ्यावर नाही. “त्येनं केलं न्हाय हे. करणारा येगळा हाय. त्येचं नाव का लिवत न्हाईत?” हॉलिवूडचा कारकून असल्यासारखा मी रविवारमागून रविवार त्यांची बोलणी खायचो.

मग ते तुतारीचं प्रकरण झालं. तुतारी त्यांच्या भाषेत. खरं तर ते हॉर्न नावाचं पितळी वाद्य. जहाज बुडण्याच्या त्या तुकड्यात हे वाद्य हळूहळू वर चढतं आणि चढता चढता एका जागी त्याचा आवाज किंचित फाटतो, वाजवणाऱ्याचा दम चुकल्यासारखा. वाळवंटाच्या सिनेमात तेच वादन आलं तेव्हा मास्तरांनी माझं मनगट आवळलं. “अडखळला! तितंच अडखळला!” मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मी उंटांकडे बघत होतो. बाहेर पडल्यावर उन्हात सायकल धरून उभ्या उभ्या त्यांनी मला समजावलं, “येकच माणूस दोनदा वाजवला तर दोन्ही वक्ताला तितंच अडखळंल व्हय? म्हंजे दुसऱ्यांदा वाजवलंच न्हाय. जुनाच पुठ्ठा जोडला. चूक सांगतीया बघा, सर. चूक कदी खोटं बोलत न्हाय.” हे मला पटलं. पोरांना सांगण्यासारखी तर्कशुद्ध गोष्ट होती. मी ती ध्यानात ठेवली. ठेवली नसती तर बरं झालं असतं.

आता मोराबद्दल सांगायला हवं. मास्तरांचा मोर त्या काळात सोलापुरात मशहूर होता. मान मागे वळवून स्वतःच्याच पिसाऱ्याकडे बघणारा मोर. जुन्या कारखान्यात, जिथे त्यांची उमेदीची पंधरा वर्षं गेली, तिथे तो पहिल्यांदा विणला गेला. पट्ट्यांना भोकं पाडताना त्यांच्या हातून एक चूक झाली होती. डाव्या पायाच्या तिसऱ्या बोटाची भोकं तीन पट्ट्यांवर पाडायचीच राहून गेली. उजव्या पायाला तीन बोटं, डाव्याला दोन. लक्षात आलं तेव्हा चादरींचे गठ्ठे बांधून तयार होते. मास्तर घाबरत मालकांकडे गेले. मालक हसून म्हणाले, “राहू दे की मास्तर. मोराची बोटं कोण मोजतंय?” मग ती तशीच राहिली. मास्तरांना आधी लाज वाटायची, पुढे पुढे प्रेम वाटायला लागलं. दुकानात चादर दिसली की आधी डावा पाय बघायचे आणि “आमचा हाय,” म्हणायचे. चादरीच्या कोपऱ्यावर लेबल मात्र कारखान्याचं. मास्तरांचं नाव कुठे असायचा प्रश्नच नव्हता.

मालकांच्या मुलांनी कारभार हाती घेतला आणि हिशेब सोपा झाला. पट्ट्यांनी खोल्या भरलेल्या होत्या. ह्या माळेचा काठ, त्या माळेचं पोट, तिसरीतला मोर असं जोडलं की नवीन डिझाईन तयार. ही जोडणी मास्तरांनीच त्यांना शिकवली होती. “पुठ्ठे हायत की. मास्तर कशाला लागतोय?” असं एकदा त्यांच्यासमोरच बोललं गेलं. मास्तरांनी भोकं पाडायचा पंच आणि हातोडी पिशवीत घातली आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या एका लहान कारखान्यात काम धरलं. तिथल्या माणसाने पहिलीच मागणी केली, मोराची.

मास्तर दोन महिने घरात बसून कागद रंगवत होते. मी रोज बघत होतो. पिसारा नवा काढला, पहिल्यापेक्षा मोकळा. मान जरा लांबवली. पायाशी एक वेल आणली. आणि डाव्या पायाला पुन्हा दोनच बोटं काढली! मी म्हटलं, “अहो मास्तर, आता तरी सुधारा. कागद तुमच्या हातात आहे, रंग तुमच्या हातात आहे.” म्हणाले, “माझा मोर असाच हाय की, सर.” मी म्हटलं, “लोक नावं ठेवतील.” म्हणाले, “ठेवू द्या. नाव तर ठिवत्याल.” त्यांची बायको गौराक्का चुलीपुढून कन्नडमध्ये काहीतरी करवादल्या. माझीच बाजू घेऊन असावी. पण ह्या माणसाला हट्टापुढे काही दिसत नसे.

नवी चादर बाजारात आली आणि महिन्याभरात जुन्या मालकांनी कारखानदारांच्या पंच कमिटीकडे तक्रार केली, की मास्तरांनी आमचं डिझाईन चोरलं. निकाल विरुद्ध गेला तर गावातला एकही कारखाना मास्तरांना दारात उभा करणार नव्हता. बायको, दोन मुली आणि हातात हे एकच काम. मास्तरांना मात्र भीती नव्हती. त्यांना वाटत होतं, आपल्याजवळ मोठा पुरावा आहे: सिनेमा. “साहेबलोक बी आपलाच माल फिरवून वापरत्यात. करणारा जिकडं जाईल तिकडं त्येची चाल जाती. कुणी चोरी म्हनत न्हाय. तुमी इंग्रजी शिकलेले, तुमी सांगा. माझं कोन ऐकतंय?” मी नको नको म्हटलं. मास्तर ऐकेनात. शेवटी मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

पंच पाच. मुख्य पंच वयस्कर, शांत, सोनेरी काड्यांचा चष्मा. दोन्ही चादरी टेबलावर पसरलेल्या. कारभार मुलांकडे असूनही जुन्या मालकांनी स्वतः येऊन काय करावं? चादरींवर वाकून बोट ठेवत मोराची बोटं मोजली! “एक, दोन. आनि ही बगा, ह्येच्या बी एक, दोन. नव्यानं काढला असता तर तिसरं बोट आलं असतं का न्हाय? ही आमच्या पुठ्ठ्यावरून उतरलेली नक्कल हाय.” कोण मोजतंय म्हणणारा हाच माणूस. मास्तर काही बोलायच्या आत मुख्य पंचांनी मला पुढे बोलावलं.

“सर, मास्तर म्हणतात सिनेमात असं चालतं. तुम्ही त्यांच्याबरोबर असता. काय ते सांगा.”

मी घसा साफ केला आणि वर्गात सांगावं तसं नीट, क्रमाने सांगायला लागलो. वादनं फिरून फिरून येतात. पाटीवर नाव कंपनीच्या माणसाचं असतं. मुख्य पंच म्हणाले, “म्हणजे तिथेही माल कंपनीचाच.” मी म्हटलं, “तसं दिसतं खरं.” मग त्यांनी विचारलं, “पण वादन तेच आहे, हे कशावरून?” इथे मी फुशारलो. मास्तरांचा तर्क मला पाठ होता. मी म्हटलं, “मास्तरांनी फार छान सांगितलंय. एकच माणूस दोनदा वाजवेल तर दोन्ही वेळा त्याच जागी चुकणार नाही. चूक त्याच जागी आली, तर समजावं की नवं काही केलेलं नाही. जुनाच पुठ्ठा जोडलाय.”

मुख्य पंचांनी चष्मा काढला. दोन्ही मोरांच्या डाव्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, “म्हणजे मास्तरांच्याच तोंडचा निकाल आहे हा.”

मला तोपर्यंत कळलंच नव्हतं मी काय करून बसलो ते. इतक्या वर्षांनीही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते जुन्या मालकांकडे वळून म्हणाले, “मोर तुमचा म्हन्ता, असू दे. पंधरा वर्सं पगार खाल्लाय. पन चूक? चूक बी तुमचीच का, मालक?” मालक खिडकीबाहेर बघत राहिले. नव्या कारखान्यातल्या पट्ट्यांची माळ जुन्या मालकांच्या हवाली करावी, असा निकाल झाला. नवा मालक लगेच तयार झाला. त्याला भांडण नको होतं आणि आता मास्तरही नको होते.

माळ दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती. त्या संध्याकाळी मास्तर कारखान्यातून ती घरी घेऊन आले, नीट बांधून देतो म्हणून. दार उघडं होतं. मी माफी मागायला गेलो तर ते जमिनीवर बसून सुतळी उसवत होते. तीन पट्ट्या काढल्या. शेजारी तीन कोऱ्या घेतल्या आणि कागद न बघता भोकं पाडायला लागले. हातोडीचा ठोका एकसारखा पडत होता. मी विचारलं, “काय करताय?” मान वर न करता म्हणाले, “तिसरं बोट बसवतोय. मोर न्या म्हनावं. चूक माझी हाय, ती न्हाय द्यायची.” नव्या तीन पट्ट्या ओवल्या, माळ बांधली आणि जुन्या तीन आपल्या पिशवीत ठेवल्या. माफी मागायचं राहूनच गेलं.

पंधरा दिवसांत त्यांनी खोली सोडली आणि मंद्रूपला भावाच्या शेतावर गेले. जाताना मला एक चादर दिली, दोन बोटांची. जुन्या कारखान्याने मात्र ती नवीन माळच मागावर चढवली, कारण पिसारा जास्त सुंदर होता. बाजार मोराच्या चादरींनी भरून गेला. सगळे मोर तीन-तीन बोटांचे, अगदी बिनचूक, आणि कोपऱ्यात कारखान्याचं लेबल. बघितलं की माझं डोकं फिरायचं. दुकानदाराला सांगायला जावं तर तो विचारायचा, “सर, घ्यायची हाय का न्हाय?”

दोनेक वर्षांनी एका रविवारी मी एकटाच सिनेमाला गेलो. काहीतरी दरोडेखोरांचं होतं, भिकार. कंटाळून डोळे मिटले. आणि ते आलं. वाद्य हळूहळू वर चढत होतं, आणि एका जागी आवाज किंचित फाटला, थांबला, पुढे गेला. शेजारी कोपर मारायला कुणी नव्हतं. मी अर्धा सिनेमा सोडून बाहेर पडलो आणि तसाच स्टँडवर जाऊन मंद्रूपची गाडी धरली. पुढे पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात वाचलं, की तिथल्या कंपन्या जुनी ध्वनिमुद्रणं खरंच सांभाळून ठेवत आणि स्वस्तातल्या सिनेमांना तीच कापून लावत. संगीत लिहिणारे पगारी असत, माल कंपनीचा, आणि पुष्कळांची नावं पाटीवर येतच नसत. साखर पेठेतल्या माणसाने हे डोळे मिटून ओळखलं होतं.

“बर्री सर, कूड्री,” म्हणत मंद्रूपच्या घरात गौराक्काने बसायला पोतं टाकलं. मास्तर शेतातून आले. वाळले होते. मी श्वासही न घेता सांगितलं, “मास्तर, आज ऐकलं मी. अडखळला. तितंच.” क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. “व्हय? कुटं, चढताना?” मी त्यांच्या पद्धतीने मांडीवर बोटं आपटून जागा दाखवली. त्यांनी मान हलवली. “बरोबर हाय.” मी म्हटलं, “त्या दिवशी माझं चुकलं, मास्तर. मी तुमचाच तर्क तुमच्यावर उलटवला.”

“तर्क बरोबरच होता की,” ते म्हणाले. “तो तुतारीवाला दम लागून चुकला. मी माझी चूक जानूनबुजून ठिवली. पन त्ये जाऊ द्या. पिसारा नवा होता, मान नवी होती, येल नवी होती. तुमी तर रोज बगत होता, सर. सगळी मानसं बोटंच मोजत बसली. मोर कुनी बघितला न्हाय. तुमी बी न्हाय.”

गौराक्काने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे ठेवली. खाली मान घालून मी खाल्ली. देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला सुतळीत ओवलेल्या तीन पट्ट्या टांगलेल्या होत्या. निघताना मास्तर फाट्यापर्यंत आले, पण सिनेमाचं नाव काही त्यांनी विचारलं नाही. पुढल्या खेपेला गेलो तेव्हा फक्त गौराक्का भेटल्या.

ती चादर माझ्याकडे अजून आहे. विरली आहे, पण डावा पाय शाबूत आहे. तिच्या कोपऱ्यावरचं लेबल मी कधीच उसवून टाकलं. आणि आत्ता हे लिहिताना ध्यानात येतंय, की पहिल्या ओळीपासून मीही त्यांना नुसतं मास्तर मास्तरच म्हणत आलो. त्यांचं नाव चन्नबसप्पा रेवणसिद्ध बिराजदार. मोर त्यांनी काढला होता.